बिगुलवाल्या नाथाजीच्या हिरड्या

…तर माधवनगरला आगगाडीतून उतरून आम्ही टांगा केला, इथवर काल आलो होतो. पुढं टांगेवाल्याच्या बाजूला मी, मागं नाथाजी आणि त्याची आई बयाबाई. नाथाजीनं तोंडाला उपरणं दाबून धरलेलं आणि उपरण्यावर लाल डाग. टांगेवाला घोडा हाकायचा सोडून सारखा मागं वळून बघत होता. सांगलीची घरं दिसायला लागली तशी त्याला काही दम निघेना.

"पावनं, मारामारी कुटं झाली म्हनायची?"

"गाडीत," नाथाजी उपरण्यातूनच म्हणाला. "भाजल्या शेंगांसंगं."

आणि ते अगदी खरं होतं. कराडच्या फलाटावर मी शेंगा घेतल्या होत्या. त्यातले चार दाणे त्यानं चावले आणि ताकारी यायच्या आत तोंड रक्तानं भरलं. समोरच्या बाकावरच्या बाईनं लेकरू उचललं आणि उठून दुसरीकडं जाऊन बसली. तिला वाटलं, ह्याला खोकल्याचा रोग आहे.

काल ज्यांना मधेच झोप लागली त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. हे त्रेचाळीस साल. नाथाजी माझा थोरला चुलतभाऊ, पलटणीत बिगुलवाला. कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला आमचं गाव, आणि यात्रेला शिंग फुंकायचा मान त्याच्या घरचा. त्यामुळं भरती झाल्यावर हवालदारानं रांगेतल्या पोरांच्या हातात एकेक करून बिगुल दिला, तेव्हा बाकीच्यांच्या फुंकरीला नुसतं रेडकू हंबरल्यासारखं व्हायचं. ह्याच्या फुंकरीला सूर निघाला. तिथून बिगुल त्याचा झाला. सुटीवर आला की पहाटे नदीच्या दरडीवर उभा राहून वाजवायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, आता कोंबडा कापून खाल्ला तरी चालतंय.

त्याच पलटणीत त्याचा धाकटा भाऊ अर्जुना. त्याला ह्यानंच मागं लागून भरती केलेला. बयाबाईचं मन नव्हतं. बाप लहानपणीच गेलेला, दोनच पोरं, आणि दोन्ही बंदुकीच्या तोंडी. निघताना ती रडलीबिडली नाही, एवढंच म्हणाली, "नाथा, तू न्हेतोयस. त्याला एकला टाकू नगंस."

पुढं दोघं समुद्रापलीकडं वाळवंटात गेले. तिथं महिनेच्या महिने डब्यातलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. हिरवं पान दृष्टीला नाही, पाणी मोजून. तोंड धुवायची चैन कुठली? नाथाजीला कावीळ झाली आणि त्याला बोटीत घालून माघारी पाठवला. अर्जुना तिकडंच राहिला. कावीळ उतरली, पण हिरड्या पिकल्या जांभळासारख्या सुजल्या, त्या तशाच. बोट लावलं की रक्त. आणि रजा संपली की पलटणीच्या इकडच्या तळावर, डेपोत, डॉक्टरपुढं उभं राहायचं होतं. बिगुलवाल्याचं तोंड तिथं निराळं तपासायचे. तोंड नापास झालं की बिगुल काढून घेणार आणि माणसाला घरी बसवणार. पलटण तिकडून आणखी पुढं कुठंतरी हलणार आहे, अशी कुणकुण सुटीवर आलेल्या जवानांकडून लागलेली. म्हणून दातांचा डॉक्टर गाठायला आम्ही सांगलीला निघालो होतो. नाथाजी खाकीत नव्हता, धोतरावर होता. त्या दिवसांत आमच्याकडं खाकी घालून हिंडणं शहाणपणाचं नव्हतं. सरकारविरुद्ध निम्मा जिल्हा उठलेला, आणि घराघरातलं एक पोरगं त्याच सरकारच्या पलटणीत. असा सगळा तो मामला.

दातांचे डॉक्टर विष्णुपंत दातार. हळदीच्या वखारीवरच्या माडीत त्यांचा दवाखाना. जिना चढताना नाकात हळद, वर पोचल्यावर लवंगेचं तेल. मुंबईला शिकून आलेला किडकिडीत माणूस. धोतर, आणि वर पांढरा डगला. एका बाजूला मान मागं टाकायची खुर्ची, आणि तिच्याशेजारी शिंप्याच्या यंत्रासारखं पायानं फिरवायचं दात कोरायचं यंत्र. बयाबाईनं ते यंत्र बघितलं, मग डॉक्टरांकडं बघितलं.

"दातार म्हंजे दात काडनार का दात देनार?"

"दोन्ही, बाई," विष्णुपंत हात धूत म्हणाले. "पण देतो ते चिनीमातीचे. म्हणून आधी असलेले राखून बघतो."

नाथाजी खुर्चीत बसला. विष्णुपंतांनी एक बारीक पोलादी सळई उचलली. दाभणाहून बारीक, टोक बोथट, आणि अंगावर कोरलेल्या आडव्या खुणा. ती त्यांनी दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत अलगद सरकवली. मी शेजारीच उभा होतो. सळई जातच राहिली. पुढच्या वरच्या दाताला सहा खुणा. त्याच्या शेजारच्याला सात. पलीकडं पुन्हा सहा. प्रत्येक वेळी सळईच्या मागोमाग रक्त. नाथाजीनं खुर्चीचे हात असे धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली.

"कितीवर नापास हुतंय?" त्यानं विचारलं.

विष्णुपंतांनी सळई खाली ठेवली आणि तोच सात खुणांचा दात दोन बोटांच्या मधे धरून हलवायला बघितला. दात हलला नाही. पुन्हा दाबला. नाहीच. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सळई खोटं बोलतेय."

"आवं, खोटं कसं बोलंल?" नाथाजी म्हणाला. "लोखंडाची हाय की."

"सळई लोखंडाची आहे. पण ती टेकते मांसावर."

आणि मग त्यांनी आम्हा तिघांना शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. दात आणि हिरडी यांच्यामधे बंडीच्या खिशासारखी फट असते. धड तोंडात सळई दोन-तीन खुणा आत जाते आणि खिशाच्या तळाला टेकते. आतलं हाड झिजत गेलं की खिसा खोल होत जातो. सहा-सात म्हणजे दात आज ना उद्या जाणार. पण हिरडी सुजली की तिचा काठच वर चढतो, म्हणजे खिसा वरून उंच होतो. आणि सुजलेल्या हिरडीचा तळ असतो भिजल्या भाकरीसारखा. सळई तिथं टेकायच्या ऐवजी तळातून आरपार खाली उतरते. वरूनही वाढीव, खालूनही वाढीव.

"म्हंजे गाळाच्या हिरीत दोर सोडल्यावानी," नाथाजी म्हणाला. "दगूड गाळात जातोय, आन आपुन म्हनतोय पानी लय हाय."

विष्णुपंतांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! तस्सं! दात हलत नाही, म्हणजे हाड अजून शाबूत आहे. खरं माप चार असेल, फार तर पाच. पण आज ते मला कळायचं नाही. गाळ खाली बसू द्यावा लागेल."

"किती दिस?"

"दोन महिने. दातांवर कीट चढलंय, ते मी खरवडून काढतो. आठवड्याला यायचं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या, कैरी, लिंबू, कच्ची भाजी पोटभर. सूज उतरली की पुन्हा मोजू, आणि ते माप खरं धरू."

हे सगळं बयाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. ती एकदम पुढं झाली. "डागदर, माजं बी बगा की वाईच. नुसतं बगा."

विष्णुपंत हसले आणि त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. बयाबाईला मिश्रीची सवय. आमच्याकडं तंबाखू खापरावर काळीभोर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरडीला घासत बसायचं. बायकांची सकाळ त्याशिवाय सुरू होत नसे. तिच्या हिरड्या फिक्या करड्या आणि ताणून बसवल्यासारख्या. सळई आत घातली. दोन खुणा. दुसरीकडं दोन. तिसरीकडं दीड. रक्ताचा टिपूस नाही.

बयाबाईचं तोंड उघडं होतं म्हणून, नाहीतर तिनं त्याच क्षणी पोराला सुनावलं असतं. सळई बाहेर निघाल्याबरोबर ती म्हणालीच, "बगितलंस? दोन! ल्हानपनापास्नं मिश्री लावतीया म्या."

"थांबा, बाई." विष्णुपंतांनी तिच्या खालच्या पुढच्या दातांवर बोट टेकवलं. सगळे दात पेटीच्या पट्ट्यांसारखे खाली-वर झाले. विष्णुपंतांचा चेहरा उतरला. "ह्यांच्याकडं सळई उलट खोटं बोलतेय. जळक्या तंबाखूनं हिरडी चामड्यासारखी टणक झालीय. सळईला आत शिरूच देत नाही. आत हाड गेलंय, पण वरून कळत नाही. रक्तसुद्धा येत नाही. नाथाजीची हिरडी निदान आरडाओरडा तरी करतेय. ह्या हिरडीचं तोंडच बांधलंय. बाई, मिश्री सोडा."

"व्हय, व्हय," बयाबाई म्हणाली.

तिनं ऐकलं ते एवढंच: पोराला मिश्री नाही म्हणून सात आणि रक्त, आपल्याला मिश्री आहे म्हणून दोन आणि रक्त नाही. बाकीचं बोलणं तिच्या दृष्टीनं शिकलेल्या माणसाची टकळी.

विष्णुपंतांनी त्या दिवशी नाथाजीचे पुढचे दात तेवढे खरवडून साफ केले. मग कागद ओढला. "रजा वाढवून द्यावी अशी चिठ्ठी देतो. अशा हिरडीनं डेपोत गेलात तर तिथला डॉक्टर सात मोजेल, आणि तो गाळाचा विचार करायला बसणार नाही."

"चिठ्ठी नगा लिवू," नाथाजी म्हणाला.

"का?"

"दोन म्हैन्यात पलटन कुटल्या कुटं जाईल. मागनं गेलं की दुसऱ्याच पलटनीत घालत्यात मानसाला. माजा भाऊ तितं एकला हाय."

"तुम्ही तिथं असून त्याच्या गोळ्या थोड्याच अडवणार आहात?"

"न्हाई. पर असनार तरी."

विष्णुपंतांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "दात एकदा गेला की पलटणीतला जनरलसुद्धा तो परत बसवू शकत नाही." नाथाजीनं मान डोलावली. एखाद्या थोरल्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी.

गावाकडं आलो आणि दुसऱ्या दिवशी बयाबाईनं खापर चुलीवर ठेवलं. त्या वासानं अर्धी आळी शिंकली. परसात जात्यापाशी ती आणि शेजारच्या दोघी बायका मिश्री लावत बसायच्या, त्यांच्या ओळीत आता हा मिशीवाला गडी, पायावर पाय टाकून, बोट तोंडात. पहिल्या दिवशी डोकं गरगरलं आणि उकिरड्यापाशी जाऊन ओकला. दुसऱ्या दिवशीही ओकला. तिसऱ्या दिवशी ओकला नाही.

गावात ही बातमी लपते काय? गुंडा म्हणून एक शेजारी होता, जीभ वस्तऱ्यासारखी. तो कुडावरून डोकावला.

"काय नाथाजीराव, मिश्री झाली का? आता दळान बी घ्या जात्यावर."

"घेतो की. तुज्या घरचं बी आन."

"आमच्या घरचं कशापायी?"

"तुज्या घरी तूच दळतोस न्हवं? समद्या आळीला घरघर ऐकू येतीया."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. गुंडा पुन्हा त्या कुडाकडं फिरकला नाही.

मला मात्र हसू येईना. मी त्याला नदीवर गाठला. म्हटलं, "नाथादा, डॉक्टर काय म्हनाले ते आईला कळलं न्हाई. तुला कळलंय न्हवं? मिश्रीनं रोग जात न्हाई, नुसतं माप खोटं हुतंय."

तो दरडीवर बसून बिगुलाचं तोंड राखेनं घासत होता. म्हणाला, "आईपरीस मला बेस कळलंय, भाऊसो. मला बरं व्हायचं न्हाई. मला दोन खुना पायजेत."



सांगलीला तो परत गेलाच नाही. आठवडे गेले. कैऱ्या, लिंबं तो खात होता, त्याचाही गुण आला असेल; पण मिश्रीचा गुण डोळ्यांना दिसण्यासारखा. जांभळा रंग गेला, हिरडी करडी झाली, आवळून बसली. रक्त थांबलं. बिगुल वाजवताना आधी आवाज फाटायचा, तो सरळ झाला. एका पहाटे त्यानं पूर्वीसारखा वाजवला आणि बयाबाई अंगणात उभी राहून म्हणाली, "आला बगा माजा कोंबडा."

डेपोत जायच्या सकाळी तुरटीचा खडा त्यानं बरोबर नेला. तुरटीनं हिरडी आणखी आकसते. तपासणीच्या रांगेत उभ्या उभ्या तो खडा गालात धरला होता, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं तसलीच सळई काढली. तीन. दोन. तीन. रक्त नाही. "फिट," म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. बोटीवर चढायच्या आधी नाथाजी दोन दिवस घरी आला, तेव्हा त्याची छाती अशी फुगलेली की बंडीचे बंद तुटतील. बयाबाईनं त्याच्या पिशवीत मिश्रीची पत्र्याची डबी घातली. भाकरीच्या आधी डबी.

तो पलटणीला जाऊन मिळाला आणि पलटण इटलीला गेली.

आता बयाबाईचं ऐका. नाथाजी गेल्यावर वर्षभरात तिचे पुढचे दात सुटायला लागले. ना ठणका, ना रक्त. एक दात भाकरीच्या तुकड्यात निघाला. तिला वाटलं जोंधळ्यात खडा होता, आणि तिनं तो चुलीत फेकला. दुसरा नदीवर चूळ भरताना गेला. विष्णुपंतांनी बोट टेकवलं होतं तेच दात. पण ती म्हणायची, "त्यानंच ढिलं केलं, त्या मेल्यानं. सळई घालून घालून. आदी काय दुकत हुतं का मला?" आणि मिश्री तशीच चालू. आता दात नव्हते तिथंही घासायची.

अशात अर्जुनाची तार आली. चव्वेचाळीस सालचा पावसाळा संपत आला होता. टपालवाला उंबऱ्याच्या आत येईना. बाहेर चिखलात उभा राहून त्यानं मला हाक मारली. तार मी वाचली, कारण घरात वाचणारा दुसरा कुणी नव्हता. बयाबाई चुलीपुढं होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "कंचा?"

"अर्जुना," मी म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती भाजून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "नाथा हुता का जवळ?"

तारेत ते कुठलं असणार? पण तिला तेवढंच हवं होतं. पुढं किती महिने, कुणी खाकीवाला कराडच्या बाजारात दिसला की ती त्याच्या वाटेत उभी राहायची. "आवं दादा, माजा थोरला हुता का वो धाकट्याजवळ?" बिचारे कुठल्या कुठल्या पलटणीतले, ड्रायव्हर, स्वैपाकी; त्यांना काय ठाऊक! कुणी "असंल की, आजी" म्हणायचा आणि वाट काढायचा. एकदा एकानं हटकून सांगितलं, "हुता, म्या बगितला." ती त्याला घरापर्यंत घेऊन आली, जेवू घातलं. जेवता जेवता कळलं की गडी कलकत्त्याच्या पलीकडं कधी गेलाच नव्हता. तरी तिनं त्याला ताक वाढलं.

नाथाजी आला शेचाळीसच्या उन्हाळ्यात. मी त्याला आणायला कराडच्या स्टेशनवर गेलो होतो आणि तो माझ्यासमोरून निघून गेला तरी मी ओळखला नाही. वरचा ओठ आत गेलेला, मिशी तोंडात उतरल्यासारखी. तिशी जेमतेम ओलांडलेला माणूस आणि तोंड म्हाताऱ्याचं. बिगुल बरोबर नव्हता. शेवटचं वर्ष पलटणीच्या भटारखान्यात लाकडं फोडली, एवढंच म्हणाला.

घरी बयाबाई दारात उभी. तिचंही तोंड तसलंच. मायलेक एकमेकांकडं बघत राहिले. तिनं ना भाकरतुकडा ओवाळला, ना पाणी दिलं. आधी विचारलं, "हुतास का रं?"

"हुतो," तो म्हणाला.

त्यावर एक अक्षर तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या घरात पुढं अर्जुनाचं नाव निघालं ते एकदम श्राद्धालाच. मला वाटायचं, विचारावं. दोन-तीनदा ओठापर्यंत आलं. पण तो दरडीवर नदीकडं पाठ करून बसलेला असायचा, आणि अशा माणसाला काय विचारायचं?

मग एक दिवस खालचा एक सुळा ठणकायला लागला, इतका की त्यानं दाव्यानं डोकं बांधून घेतलं. मी त्याला बळंच सांगलीला नेला. तीच आगगाडी, माधवनगरहून तसाच टांगा, तीच हळदीची माडी. विष्णुपंतांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी ओळखलं नाही. तोंड उघडलं, आत बघितलं, वास घेतला, आणि म्हणाले, "बिगुलवाले!"

वरचे पुढचे सगळे गेलेले. उरलेले बोट लावलं की डुलणारे. पण हिरडी? करडी, टणक, चोख. विष्णुपंतांनी सळई उचलली, डुलणाऱ्या एका दातापाशी आत घातली. ती थोडी गेली आणि अडली. त्यांनी बाहेर काढून डोळ्यासमोर धरली. दोन खुणा.

"अजूनही दोनच सांगतेय," ते म्हणाले, आणि सळई त्यांनी टाकली. ठेवली नाही, टाकली. ती तबकातून उडून जमिनीवर पडली आणि घरंगळत खुर्चीखाली गेली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

मग विष्णुपंत रागावले. एवढा मऊ माणूस असा रागावेल असं मला वाटलं नव्हतं. "मी तुम्हाला सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी सांगितलं होतं. सूज कशी फसवते, आणि मिश्री कशी फसवते. तुम्हाला कळलंही होतं. गाळाची विहीर तुम्हीच म्हणालात. त्या दिवशी तुमचा एक दात हलत नव्हता हो! नुसतं साफ ठेवलं असतं, दोन महिने कळ काढली असती, तर आज ह्या तोंडात सगळे दात असते. तुमचं तोंड चांगलं होतं! सूज होती, बाकी तोंड चांगलं होतं! आणि मीच मूर्ख. मिश्रीचं मी तुमच्यापुढं बोललो नसतो तर तुम्हाला ते सुचलंही नसतं. कशासाठी केलंत हे? बिगुलासाठी? तो तरी राहिला का?"

नाथाजी खुर्चीत मान टेकून होता. हातानं सुळ्याच्या बाजूचा गाल धरलेला. वखारीत खाली कुणीतरी पोती मोजत होतं, त्याचा आवाज येत होता. मग नाथाजी बोलला ते असं. एक शब्द इकडचा तिकडं करत नाही:

"न्हाई ऱ्हायला. तुमी म्हनताय ते समदं खरं हाय, डॉक्टर, आन तुमी वाईट वाटून घेऊ नगा, तुमी काय मिश्री लाव म्हून न्हाई सांगितलं. म्या केलं. आमच्या पलटनीत मानूस गेला म्हंजे जाळायच्या आदी बिगुल लागतोय. अर्जुनाच्या येळंला माजं वरचं दात लोंबत हुतं. दुसरा एक बिगुलवाला हुता, पंजाबी, चांगला पोरगा. त्यो म्हनला मी वाजवतो, तू बस. म्या म्हनलं न्हाई, माजा भाऊ हाय. वाजवला. मदी एक वरचा सूर हाय, तितं दोन दात निगालं, एक आत गेला, एक बिगुलात अडाकला. तरी फुडला वाजवला, पर कसा वाजवला इचारू नगा. फाटका वाजला. सायब खाली बगत हुता. त्या पंजाब्यानं वाजवला असता तर सरळ वाजला असता, हे मला रोज वाटतंय. आईला म्या हुतो म्हून सांगितलंय, वाजला कसा ते सांगितलं न्हाई, तुमी बी सांगू नगा. थांबलो असतो तर दात ऱ्हायलं असतं, व्हय. मंग घरी बसून तार ऐकली असती. बरं झालं असं म्या म्हनत न्हाई. बरं न्हाईच झालं. आता त्यो खालचा सुळा तेवडा काडा, लय ठनकतोय."